होस्टिंग कंपनीने वेबसाइट बंद केली तर: कारणे, मुदती, कागदपत्रे

तारकर्लीचा होमस्टे असो की देवगडची आंब्याची बाग, ऐन मे महिन्यात वेबसाइटवर ‘अकाउंट सस्पेंडेड’ दिसले की धंदाच अडतो. अशा वेळी आधी होस्टिंग कंपनीचा, म्हणजे तुमची साइट आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीचा, ईमेल शोधा आणि बंद करण्याचे कारण वाचा. ते दिलेले नसेल तर लेखी मागा.

बिल थकले असेल तर ते भरा. साइट हॅक होऊन तिच्यावर बँकेची बनावट पाने चढली असतील, तर ती साफ करून कंपनीला कळवा. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश असेल, तर कंपनीशी भांडून उपयोग नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000च्या कलम 79चे संरक्षण, म्हणजे ग्राहकांच्या मजकुराबद्दल कंपनीला जबाबदार न धरण्याची सवलत, टिकवायची तर तिला तो पाळावाच लागतो. दाद न्यायालयात मागावी लागते.

खरी काळजी घ्यायची ती फोटोंची. किनाऱ्याचा छानसा फोटो इंटरनेटवरून उचलून लावला आणि छायाचित्रकाराने तक्रार केली, तर कॉपीराइट नियम, 2013मधला नियम 75 लागू होतो. तक्रार लेखी हवी, तीत मालकीचा तपशील हवा आणि 21 दिवसांत दावा लावण्याची हमीही हवी. तक्रारीत तथ्य वाटले तर कंपनी 36 तासांत मजकूर बंद करते. तक्रार मिळाल्यापासून 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर ती तो पुन्हा सुरू करू शकते. मात्र ते तिच्यावर बंधनकारक नाही, म्हणून मुदत संपताच स्वतः लेखी मागणी करा.

पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम 17नुसार पहिली मालकी तुमची. त्यासाठी छायाचित्रकाराचे बिल आणि मूळ फाइल जपून ठेवा. कंपनी अमेरिकन असेल तर तिथल्या कायद्याप्रमाणे प्रतिनोटीस, म्हणजे मजकूर चुकीने काढला गेल्याचे लेखी उत्तर, द्यावी लागते. त्यात तिथल्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते, तेव्हा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आंबेवाल्यांनी आणखी एक पाहावे. पालघर ते सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परजिल्ह्यातला आंबा त्या नावाने साइटवर विकाल तर तक्रार होऊ शकते. तुम्ही या मानांकनाचे नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ते असाल तर ते प्रमाणपत्र उत्तरासोबत जोडा.

साइट पुन्हा सुरू करण्याचा अर्ज खातेदारानेच करावा. साइट मुंबईच्या भाच्याने स्वतःच्या नावावर घेतली असेल, तर कंपनी तुम्हाला दाद देईलच असे नाही. त्याच्याच ईमेलवरून अर्ज पाठवावा लागेल. खाते तुमच्या नावावर करून घेण्याचे काम पावसाळ्यात, धंदा थंड असताना उरका. अर्जासोबत ओळखपत्र, होस्टिंगचे बिल, कंपनीची नोटीस आणि मालकीचे पुरावे द्या, आणि बॅकअपही त्याच पत्रात मागा.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, तर तो कळल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते.