पट ६१ वरून ६० वर येतो तेव्हा: ठाण्यातल्या पालिका शाळांची पार्श्वभूमी

शिक्षकांच्या बोलण्यात ‘पट’ हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. पट किती, पट टिकला का, यंदा पट जमेल का. हजेरीपुस्तकात जितकी नावं, तितका पट. बाहेरच्या माणसाला तो नुसता आकडा वाटतो, पण शाळेत शिक्षक किती आणि वर्ग किती, हे सगळं त्यावरच ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात हिशेब दिलेला आहे: पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे पाच इयत्तांच्या शाळेत ६१ मुलं असली तर तीन शिक्षक. त्यातल्या एका मुलाचे आईवडील शहराच्या टोकाला, दिव्याला राहायला गेले, दाखला काढून नेला, की पट साठावर येतो आणि पाचही इयत्ता दोन शिक्षकांच्या गळ्यात पडतात. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी-पाचवी दुसऱ्या खोलीत. हे पाहून आणखी दोन पालक दाखला मागायला येतात.

ठाणे महापालिकेच्या मराठी शाळांचं गेल्या तीसेक वर्षांत काय झालं ते समजून घ्यायचं तर हा हिशेब आधी ध्यानात ठेवायला हवा. पट घसरायला सुरुवात बाहेरच्या कारणांनी झाली. पुढे घसरलेला पटच पुढच्या घसरणीचं कारण होत गेला.

मुलंच कमी जन्माला येतात, हे यावरचं नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर २००५-०६ मध्ये २.१ होता, २०१९-२१ मध्ये तो १.७ झाला. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या छोट्या गावात हे कारण पुरेसं ठरेल. ठाणे शहराला ते लागू पडत नाही. शहराची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत ८ लाख होती, २००१ मध्ये १२.६ लाख झाली आणि २०११ मध्ये १८.४ लाख. वीस वर्षांत शहर दुपटीहून मोठं झालं आणि त्याच काळात पालिकेच्या मराठी शाळांमधल्या तुकड्या एकेक करून बंद झाल्या. मुलं शहरात होती, फक्त ती दुसऱ्या शाळांमध्ये जात होती.

या शाळा आल्या कुठून, ते थोडक्यात. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची. सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करायची मुभा मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना विठ्ठलभाई पटेलांनी आणलेल्या १९१८ च्या कायद्याने दिली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शिक्षण मंडळांना पक्की चौकट मिळाली. गावोगावच्या लोकल बोर्डाच्या शाळा १९६२ मध्ये जिल्हा परिषदेकडे गेल्या. १ ऑक्टोबर १९८२ ला ठाणे महापालिका झाली, तेव्हा कळवा-मुंब्र्यापासून माजिवड्यापर्यंतची गावं शहरात आली.

त्या काळचं ठाणं हे कामगारांचं गाव होतं. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाने सुरुवात केली तीच वागळे इस्टेटपासून. कारखान्यात जाणाऱ्यांची मुलं पालिकेच्या शाळेत जायची, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. मी त्यातलाच. आमच्या शाळेत चौथीला अ, ब, क, ड अशा चार तुकड्या होत्या, शाळा सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत भरायची आणि दुपारची मुलं सकाळच्यांच्या जागेवर बसायची तेव्हा बाकं गरम असायची. मराठीच्या जोडीला शहरात पालिकेच्या हिंदी, उर्दू, गुजराती शाळाही होत्या.

त्याच शाळेत एक उणीव होती, तिचा हिशेब पुढे मोठा झाला. शाळा सातवीला संपायची. एके काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास होणं म्हणजे शिक्षण पुरं झालं असं मानत, तोवर ते चालून गेलं. पण दहावीशिवाय कारखान्यातही कुणी उभं करीना, तेव्हा आईवडील पुढचा विचार करू लागले: सातवीनंतर कुठे? नौपाडा, चरई, पाचपाखाडी भागातल्या खासगी अनुदानित मराठी शाळा पहिलीपासून दहावीपर्यंत होत्या. आठवीला तिथे दारात उभं राहण्यापेक्षा पहिलीलाच नाव घातलेलं बरं, हा सरळ विचार होता. पालिकेच्या शाळेतून पहिल्यांदा निघाली ती ही मुलं, आणि ती इंग्रजीकडे नाही, दुसऱ्या मराठी शाळेत गेली. ही गोष्ट आज फार कुणी सांगत नाही. घसरणीचा सगळा दोष इंग्रजीच्या हव्यासावर टाकला की पालिकेला आणि सरकारला काही करावं लागत नाही.

इंग्रजी अर्थात आलीच. सरकारने २००० मध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला, पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी इंग्रजीचे वर्ग आले. २००१ पासून नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मागायचं नाही या अटीवर, परवानगी देण्याचं धोरण आलं आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने दार पूर्ण उघडलं. घोडबंदर रस्त्यावर इमारती उठल्या तशा त्यांच्या फाटकाशी पिवळ्या बसगाड्या लागू लागल्या. पालिकेच्या शाळा मात्र जुन्या शहरात आणि वस्त्यांमध्ये जिथल्या तिथे राहिल्या. वागळे इस्टेट आणि पोखरण रस्त्यावरचे कारखाने बंद पडून तिथे गृहसंकुलं झाली. चाळी आणि झोपड्या पुनर्विकासाला गेल्या, भाडेकरू दोन-तीन वर्षांसाठी म्हणून कळवा, दिवा, बदलापूरला गेले आणि बरेचसे तिथेच राहिले. दाखल-खारीज रजिस्टरात शाळा सोडल्याचं कारण लिहायचा रकाना असतो. त्यात अशा प्रत्येक मुलापुढे एकच शब्द येतो: स्थलांतर.

दिव्यात त्या मुलाचं काय होतं, हेही पाहायला हवं. घराजवळ पालिकेची पुरेशी मोठी शाळा नाही, म्हणून ते दोन खोल्यांच्या ‘इंग्लिश स्कूल’मध्ये जातं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवली तर रोज दहा हजारांपर्यंत दंड आहे. तरीही दर उन्हाळ्यात पालिकेला अनधिकृत शाळांची यादी जाहीर करावी लागते आणि तीत दिव्याची नावं पुष्कळ असतात. फी भरूनही मान्यता नसलेल्या शाळेत मूल घालणारा बाप अडाणी नसतो. त्याच्यापुढे दुसरी शाळाच नसते.

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान वयाच्या एका फटीमुळे झालं. पालिकेची शाळा मुलाला सहाव्या वर्षी, पहिलीत घेत आली. खासगी शाळा त्याला तिसऱ्या वर्षी घेते. मधल्या तीन वर्षांसाठी १९७५ पासून अंगणवाड्या आहेत, कुठे पालिकेची बालवाडी आहे, पण ती बहुतेक ठिकाणी शाळेच्या आवारात नव्हती आणि शाळेच्या पटाशी तिचा संबंध नव्हता.

काही वर्षांपूर्वी ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ मोहिमेत दोन बाईंबरोबर मी वागळेच्या एका वस्तीत फिरलो. हातात पत्रकं, पिशवीत वही, डोक्यावर एप्रिलचं ऊन. सेमी इंग्रजी आहे, गणवेश-पुस्तकं मोफत आहेत, पोषण आहार आहे, हे त्या प्रत्येक दारात न कंटाळता सांगत होत्या. एका दारात सहा वर्षांचा मुलगा टाय आणि ओळखपत्र घालून उभा होता. त्याची आई म्हणाली, “बाई, मी तुमच्याच शाळेत शिकले. तुम्ही वाईट शिकवता असं मी कधी म्हणणार नाही. पण हा तीन वर्षं तिकडे जातोय, त्याचे मित्र तिकडे आहेत. आता कसा काढू?” बाईंनी वहीत त्याच्या नावापुढे ‘अन्यत्र प्रविष्ट’ लिहिलं आणि पुढचं दार वाजवलं. बाई आल्या त्या तीन वर्षं उशिरा, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना देण्याची तरतूद महाराष्ट्रात २०१२-१३ पासून अमलात आली. ही तरतूद न्याय्य आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण वस्तीतले जागरूक पालक, जे कागदपत्रं जमवतात, ऑनलाइन अर्ज भरतात, सोडतीची वाट पाहतात, तेच पालक पालिकेच्या शाळेत बैठकीला येऊन प्रश्न विचारणारे होते. ते गेले. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. पालकांना अडवून पट वाढवायचा, असाच त्याचा अर्थ होत होता. उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. योग्यच झालं.

घसरणीचा एक भाग कागदावरचाही आहे, तो वेगळा काढायला हवा. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि अनेक शाळांच्या हजेरीवरची मुलं प्रत्यक्षात नव्हतीच, हे उघड झालं. देशाच्या आकड्यांतही तसंच. यू-डायस या केंद्र सरकारच्या शाळांच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये शाळांत सुमारे २६.५ कोटी विद्यार्थी होते, २०२४-२५ मध्ये ते २४.७ कोटींच्या आसपास आले. पण मधल्या काळात शाळावार आकड्यांऐवजी प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद घ्यायची पद्धत आली, त्यामुळे दोन ठिकाणी असलेली नावं गळाली. घट सगळी खरी नाही आणि सगळी खोटीही नाही.

करोनात थोडे दिवस वारं फिरलं. फी परवडेना म्हणून मुलं सरकारी शाळांत परतली. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीत देशातल्या सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होतं, २०२२ मध्ये ते ७२.९ वर गेलं आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर आलं. आलेल्यांना धरून ठेवायची ती संधी होती. ती गेली.

आता शेजारी, नवी मुंबईत. इथे गोष्ट उलटी आहे, आणि म्हणूनच ठाण्याच्या शाळांचं जे झालं ते अटळ होतं असं मी मानत नाही. १७ मार्च १९७० ला नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली तेव्हा इथे आगरी-कोळ्यांची गावं आणि त्यांच्या जिल्हा परिषदेच्या शाळा होत्या. सिडकोने प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या उपनगरात, शाळांसाठी भूखंड राखले आणि ते सवलतीच्या दरात शिक्षण संस्थांना दिले. वाशी-नेरूळच्या मध्यमवर्गाला सरकारी शाळेची पायरी चढावी लागलीच नाही. १९९२ मध्ये महापालिकेचा कारभार सुरू झाला आणि गावांतल्या शाळा तिच्याकडे आल्या. ठाण्यासारखंच चित्र व्हायला काही हरकत नव्हती. पण नवी मुंबई महापालिकेने आपले माध्यमिक वर्ग वाढवले, त्यामुळे सातवीनंतर कुठे, हा प्रश्न हलका झाला. दिघा, तुर्भे, रबाळे इथल्या कामगार वस्त्यांत हिंदी माध्यमाचेही वर्ग भरू लागले. पुढे सीवूड्स आणि कोपरखैरण्याला पालिकेने सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळा काढल्या, त्याही नर्सरीपासून. तिसऱ्या वर्षी दार उघडलं आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आल्यामुळे सोडत काढायची वेळ आली. या शहरात पालिका शाळांचा एकूण पट वाढला.

या वाढीने मला आनंद होतो, पण माझं समाधान अर्धंच आहे. नव्या रांगा इंग्रजी माध्यमासाठी आहेत. पालिकेची शाळा वाचते आणि तिच्यातली मराठी तुकडी आटते, हे दोन्ही एकाच आकड्याखाली झाकलं जातं. इमारत, शिक्षक, नर्सरी आणि दहावीपर्यंतचा सलग रस्ता हे सगळं मराठी माध्यमाला एकदम दिल्याचं उदाहरण ठाण्यात किंवा नवी मुंबईत माझ्या तरी पाहण्यात नाही. ते दिल्याशिवाय ‘मराठीला पालकच नाहीत’ म्हणणं अन्यायाचं आहे.

सरकारचा कल मात्र आकड्यावरून शाळा मोजण्याकडे राहिला. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली, तेव्हा राज्यात अशा सुमारे १५ हजार शाळा निघाल्या. २०२३ मध्ये पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण देऊन समूह शाळांची, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायची कल्पना आली. पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांचे शिक्षकच धोक्यात आले आणि शिक्षक संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या पाड्यांना हे आधी लागतं. शहराला लागतं ते ‘समायोजन’ या सौम्य नावाने: दोन शाळा एका इमारतीत, जुन्या शाळेच्या दाराला कुलूप, आणि लहान मुलांना मोठा रस्ता ओलांडायला लागतो म्हणून आणखी चार दाखले.

जूनमध्ये प्रवेशोत्सव होतो, पहिलीच्या मुलांना गुलाबाचं फूल आणि नवी पुस्तकं मिळतात. संचमान्यतेसाठी पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. त्यामुळे गणपती झाले की मुख्याध्यापक रोजच्या हजेरीवर नजर ठेवतात, गावाला गेलेल्या मुलांच्या घरी फोन करतात, कुणी दाखला मागायला आलं तर ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हणून विनवतात. त्या दिवशी ६१ नावं भरली तर पुढच्या वर्षी तिसरे शिक्षक राहतील.