मानवशास्त्राचं एमए, एमएस्सी: उद्दिष्टांची पार्श्वभूमी

मानवशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आपल्याकडे १९२० च्या सुमारास कोलकात्यात सुरू झालं. माणसांची डोकी आणि नाकं मोजण्याचा वसाहतकाळातला उद्योग तेव्हा जोरात होता, त्यामुळे कॅलिपर (मापं घ्यायचा चिमटा) धरता येणं हे न लिहिलेलं उद्दिष्ट होतंच. दुसरं, एखाद्या वस्तीत राहून येणं. छापील अभ्यासक्रमात पेपरांची नावं, पुस्तकांची यादी आणि गुण एवढंच असे. पुढे कुठे एमए, कुठे एमएस्सी असे फाटे फुटले, तरी ही रीत बदलली नाही.

बदल बाहेरून आला. अभियांत्रिकीच्या पदव्या परदेशात चालाव्यात म्हणून भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि ‘आउटकम’ म्हणजे निष्पत्ती हा शब्द स्टाफरूममध्ये शिरला. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या २०१७ च्या सुधारित निकषांनी तो सगळ्याच विषयांच्या गळ्यात घातला.

खरा घोळ शब्दांचा. ‘उद्दिष्ट’ आणि ‘निष्पत्ती’ सर्रास एकाच अर्थाने लिहिले जातात. नातेव्यवस्था समजावी, हे उद्दिष्ट; ते शिकवणाऱ्याचं. दिलेल्या कुटुंबाची तीन पिढ्यांची वंशावळ विद्यार्थी काढून दाखवतो, ही निष्पत्ती. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, मधल्या दोन समांतर रेषा म्हणजे लग्न. हे तपासता येतं, आणि जुन्या मोघमपणापेक्षा बरंच आहे, हे मान्य करायला हवं.

पण वंशावळ मिळते कशी? नवऱ्याचं नाव विचारलं की ओसरीवरची आजी पदर सावरते आणि नातवाकडे बोट दाखवते. नाव घ्यायचं नसतं, हे ओळखून प्रश्न नातवाकडे वळवायचा, आणि आजीचं ते थांबणंही वहीत टिपायचं. हे शिकायलाच तर क्षेत्रकार्य असतं. पण निष्पत्ती कशाशी किती जुळते हे भरायचा जो तक्ता असतो, त्यात याला क्रियापद नाही. मग ‘संवादकौशल्य’ असं लिहून पुढच्या चौकोनात ३ भरतात. चौकोनात मावतील तेवढेच आकडे: १, २ किंवा ३, म्हणजे जुळणी कमी, मध्यम किंवा जास्त.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या पदवीवाल्यांसाठी एका वर्षाचं एमए आलं. महाराष्ट्राच्या २०२३ च्या आराखड्यात क्षेत्रकार्याच्या वाट्याला पहिल्या वर्षी ४ क्रेडिट आहेत, तेही ‘ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्प’ यांना मिळून. तो ‘किंवा’ मानवशास्त्राला विचारून घातलेला दिसत नाही.