आवाज तोच, मुद्रण दुसरे

१९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटात ऐकू येणारी पुंगी खरी पुंगी नव्हे. कल्याणजींनी ती क्लाव्हिओलिन या छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. त्यावर दावा लागण्याचा प्रश्नच नव्हता. वाद्याच्या नादाला मालक नसतो. पण एखाद्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणातला नादच कोणी हुबेहूब पुन्हा घडवला, तर? एआयच्या आवाजांवरून आज जे वाद चालले आहेत, त्यांची मुळे या प्रश्नात आहेत.

नाद घडवण्याचे शास्त्र नादाची फोड करण्यातून वाढले. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तेव्हा एका नादात अनेक उपस्वर दडलेले असतात हे आपल्या कानांना कळलेलेच असते. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून सूर काढून घेतले. पुढच्या दशकात तिथेच ज्याँ-क्लोद रिसे यांनी ट्रम्पेटची फोड केली आणि फुंकर वाढली की वरचे उपस्वर अधिक वाढतात, त्यातच त्या वाद्याची झळाळी आहे, हे दाखवले. जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये आणखी सोपी वाट सापडली: एका लहरीने दुसरीची कंप्रता झपाट्याने वरखाली करायची. दोनच लहरींतून भरगच्च नाद निघाला. १९८३ चा यामाहा डीएक्स७ हा सिंथेसायझर याच तत्त्वावर चाले. यात कोणाच्याही मुद्रणाचा कणभरही अंश नाही. १९७९ मध्ये आलेल्या फेअरलाइट या सॅम्पलरची रीत उलटी होती. तो मुद्रित आवाजाचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, उचलूनच घेई.

कायद्याची रेघ नेमकी या दोन रीतींच्या मधून जाते. अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना संघीय कॉपीराइट मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासून. त्याच कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की स्वतंत्रपणे मुद्रित केलेले दुसरे आवाज मूळ मुद्रणाची कितीही नक्कल करोत, तो कॉपीराइटचा भंग नव्हे. अर्थात चाल आणि शब्द यांचे हक्क वेगळे. त्यांची परवानगी लागतेच. भारतात कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांची ‘व्हर्शन’ नव्या गळ्यांतून निघाली, ती अशाच फटीतून. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने ती फट अरुंद केली: मूळ मुद्रणानंतर ५ वर्षे थांबायचे, रॉयल्टी आधी भरायची आणि वेष्टनावर मूळ गायकाचे नाव वा चित्र छापायचे नाही. ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते. नक्कल चालेल, फसवणूक नाही.

सर्वांत गुंतागुंतीचा खटला जर्मनीतला. क्राफ्टवर्क या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बँडच्या १९७७ च्या मुद्रणातला सुमारे २ सेकंदांचा ठेका १९९७ मध्ये एका रॅप गाण्यात वापरला गेला. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटले की असा ठेका स्वतः घडवता येत असेल, तर तो उचलण्याची मुभा नाही. म्हणजे नाद पुन्हा घडवण्याचे कसब हीच कायद्याची कसोटी झाली! २०१६ मध्ये घटना न्यायालयाने ती अमान्य केली. स्वतः वाजवणे हा सॅम्पलला पर्याय नव्हे, असे त्याचे म्हणणे. २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की तुकडा कानाला ओळखू येणार नाही इतका बदलला, तरच परवानगीची गरज नाही.

गळ्याचे प्रकरण मात्र या रेघेत कधीच नीट बसले नाही. फोर्ड या मोटार कंपनीच्या जाहिरातीसाठी अमेरिकी गायिका बेट मिडलर यांनी गायला नकार दिला, म्हणून त्यांच्याच सहगायिकेकडून तसेच गाऊन घेतले गेले. गाण्याची परवानगी घेतलेली होती, मुद्रणही नवे होते. तरी १९८८ मध्ये न्यायालयाने मिडलर यांची बाजू उचलून धरली: प्रसिद्ध गायिकेचा आवाज ही तिची ओळख आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना एआय नकलांविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले, ते याच विचाराच्या वाटेने, व्यक्तिमत्त्वाच्या हक्कावर.

एआयने आणखी एक पेच वाढवला आहे. डीएक्स७ ला ट्रम्पेट ‘ऐकावा’ लागला नव्हता. रिसे, चाउनिंग यांच्यासारख्यांनी तो ऐकून गणित मांडले होते. आजचे एआय मॉडेल घडते तेच मूळ मुद्रणांच्या प्रती पोटात घेऊन. बाहेर येणारा आवाज नवा असला, तरी आत गेलेली प्रत कोणाच्या परवानगीने केली, हे विचारावेच लागते.