इंग्रज फिरते नट (जर्मन प्रदेशांतील)

एलिझाबेथकालीन इंग्रजी नाटके छाटून, बदलून जर्मन प्रदेशांत गावोगाव करणाऱ्या व्यावसायिक नाटकमंडळ्या. काळ स्थूलमानाने १५८५ ते १६६०. मूळ जर्मन संज्ञा ‘एंग्लिशे कोमोडिआंटेन’. तीतील ‘कोमोडिआंट’ म्हणजे केवळ नट. ‘विनोदी नट’ असे भाषांतर करू नये, कारण त्यांच्या खेळांत शोकांतिकांचा भरणा मोठा होता.

विल केंप, टॉमस पोप व जॉर्ज ब्रायन हे नट १५८६ मध्ये डेन्मार्कच्या दरबारी होते. पोप व ब्रायन तेथून सॅक्सनीला गेले. इंग्रज नट रॉबर्ट ब्राउनची मंडळी १५९२ मध्ये फ्रँकफुर्टच्या जत्रेत खेळली. शब्द कळत नसतानाही लोक केवळ हावभाव पाहायला लोटत, असे प्रवासी फाइन्स मोरिसन लिहितो. पुढे वोल्फनब्युटलचा ड्यूक हाइनरिख यूलिउस आणि कासलचा शासक मोरित्स यांनी इंग्रज नटांना आश्रय दिला. मोरित्सने कासलला बांधलेले ओटोनेउम (१६०३–०६) हे जर्मनीतील पहिले कायम नाट्यगृह मानतात.

सुरुवातीचे खेळ इंग्रजीतच होत. फक्त विदूषक प्रेक्षकांच्या भाषेत बोले. त्यामुळे त्याचे महत्त्व वाढले. ‘पिकलहेरिंग’ (खारवलेला मासा) हे त्याचे पुढे रूढ झालेले नाव. गाणी, नाच, कसरती व मारामाऱ्या वाढल्या, स्वगते गळाली. जॉन ग्रीनच्या मंडळीने १६२६ मध्ये ड्रेस्डेनला केलेल्या खेळांत शेक्सपिअरच्या नाटकांपैकी हॅम्लेट, रोमिओ अँड ज्यूलिएट, जूलिअस सीझर व लिअर यांची नोंद आहे. मात्र नोंदीत नाव एवढेच असते. प्रत्यक्ष काय केले हे त्यावरून ठरत नाही.

जर्मन हॅम्लेटची संहिता बंधुहत्येचे शासन (देर बेश्त्राफ्ट ब्रूडरमोर्ड) या नावाने उपलब्ध आहे. ती १७८१ मध्ये छापली गेली. तिच्या हस्तलिखितावर २७ ऑक्टोबर १७१० ही तारीख होती. ते हस्तलिखित आज नाही. आरंभी रात्र (पात्ररूपाने) व तीन सूडदेवता येतात, भूत पहारेकऱ्याच्या थोबाडीत मारते, ‘जगावे की मरावे’ हे स्वगत नाही. दोन मारेकरी दोन्ही बाजूंनी नेम धरतात. हॅम्लेट ऐन वेळी खाली पडतो आणि ते एकमेकांनाच ठार करतात.

या संहितेचे मूळ वादग्रस्त आहे. येथे पोलोनिअसला (हॅम्लेटमधील राजाचा मंत्री) ‘कोरांबुस’ म्हटले आहे, व हॅम्लेटच्या १६०३ च्या पहिल्या इंग्रजी छापील प्रतीत तो ‘कोरांबिस’ आहे. यावरून एक मत असे की ही शेक्सपिअरपूर्व, हरवलेल्या हॅम्लेट नाटकाची छाया असावी. त्या नाटकाचा उल्लेख १५८९ च्या सुमारास सापडतो. ‘मला पोर्तुगालला पाठवा, म्हणजे परत यायला नको’ हे हॅम्लेटचे वाक्य पोर्तुगालवरील १५८९ च्या फसलेल्या इंग्रज मोहिमेकडे बोट दाखवते, असे या पक्षाचे म्हणणे. पण संहितेत १६०४–०५ च्या दुसऱ्या प्रतीशी जुळणाऱ्या जागाही आहेत. त्यामुळे दोन्ही छापील प्रतींशी नाते मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. पोर्तुगालचा एक टोमणा सबंध नाटकाचा काळ ठरवायला अपुरा आहे. नाट्यसंशोधक टिफनी स्टर्न यांच्या मते ही संहिता कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाची असावी. भुताची थोबाडीत त्या माध्यमात शोभते खरी.

अशा नाटकांचा छापील संग्रह १६२० मध्ये निघाला. त्यात शेक्सपिअरच्या टायटस अँड्रॉनिकस या शोकांतिकेचे एक रूप आहे. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) दौरे विस्कळीत झाले. मंडळ्यांत जर्मन नट वाढत गेले, तरी ‘इंग्रज’ हे बिरुद टिकले. ग्दान्स्क (आज पोलंडमध्ये) येथे या मंडळ्या ज्या तलवारबाजीच्या आखाड्यात खेळत, त्या जागी २०१४ मध्ये शेक्सपिअर नाट्यगृह उघडले.