३५ अंशांची अट आणि सोलापूरचा मे महिना

लॅपटॉपच्या खोक्यात चार्जरखाली एक घडीचं माहितीपत्रक असतं. ते बहुधा न वाचताच खोक्याबरोबर माळ्यावर जातं. त्यात, नाहीतर कंपनीच्या संकेतस्थळावर, आजूबाजूच्या हवेचं तापमान किती असावं हे सांगणारी एक ओळ असते. बहुतेक घरगुती लॅपटॉपांसाठी तिथे आकडा असतो ३५ अंश सेल्सिअस. आता सोलापूरचा मे आठवा. दुपारी पारा चाळिशी सहज ओलांडतो, एखाद्या वर्षी ४३-४४ पर्यंत जातो. पत्र्याचं घर असेल किंवा वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापला असेल, तर रात्री दहा वाजताही खोली पस्तिशीच्या खाली उतरत नाही. म्हणजे वर्षातले दोनेक महिने आपण हे यंत्र त्याच्या कर्त्यांनी आखलेल्या रेषेपलीकडे चालवत असतो.

तरी ते चालतं, कारण त्या रेषेत थोडी सवड ठेवलेली असते. मात्र त्या सवडीची किंमत वेगात आणि बॅटरीच्या आयुष्यात मोजावी लागते. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या गावात लॅपटॉप सांभाळायचा म्हणजे आधी त्याची उष्णता सांभाळायची. बाकी सगळं त्यानंतर.

प्रोसेसरची सिलिकॉनची चकती नखाएवढी असते. काम जोरात असेल तर ती १५ ते ४५ वॅट वीज खाते आणि जवळजवळ सगळीच उष्णता करून टाकते. एवढ्याशा जागेतून एवढी उष्णता बाहेर काढायची तर नुसता पंखा पुरत नाही. चकतीवर आधी राखाडी रंगाची थर्मल पेस्ट असते. दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खाचा असतात, खाचांत हवा अडकते आणि हवा उष्णता फार वाईट वाहून नेते. ती हवा हटवून जागा भरून काढणं एवढंच पेस्टचं काम. पेस्टवर तांब्याची पट्टी आणि पट्टीला जोडलेली चपटी तांब्याची नळी. ही नळी भरीव असते असं पुष्कळांना वाटतं, पण ती पोकळ असते. आतली हवा काढून टाकलेली असते, भिंतींना सच्छिद्र अस्तर असतं आणि त्यात थोडंसं, काही थेंबच, पाणी असतं.

हवा काढल्यामुळे आतला दाब कमी असतो, त्यामुळे ते पाणी शंभर अंशांची वाट न पाहता बरंच आधी उकळतं. प्रोसेसरच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ पंख्याकडच्या थंड टोकाला धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून, दिव्याची वात तेल ओढते तशी, मूळ जागी परत येते. मोटार नाही, पंप नाही. अमेरिकेत रिचर्ड गॉगलर यांनी १९४२ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळातल्या वापरासाठी ती नव्याने घडवली. आज ती आपल्या मांडीवर येऊन बसली आहे.

नळीचं थंड टोक पातळ पत्र्यांच्या जाळीत शिरतं आणि पंखा त्या जाळीतून हवा फुंकतो. इथे सोलापूर आडवं येतं. गरम वस्तूतून किती उष्णता निघेल हे ती वस्तू आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. न्यूटनचा शीतलनाचा नियम म्हणून शाळेत शिकलो तोच. प्रोसेसर ९० अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ६५. हवा ४२ वर गेली की फरक उरतो ४८. तोच पंखा, त्याच वेगाने फिरून, साधारण पाव हिस्सा उष्णता कमी काढतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच आपला वेग उतरवतो, म्हणजे जळायचं टळतं. दुपारी तीन वाजता लॅपटॉप रांगायला लागला म्हणून व्हायरस शोधत बसणारे पुष्कळ भेटतात. तोच लॅपटॉप पहाटे पाचला सरळ धावत असेल, तर व्हायरसचा संशय सोडून द्यावा.

आपलं एक नशीब म्हणजे इथला उन्हाळा कोरडा आहे. हवा ४० अंशांवर आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने ती हवा तत्त्वतः २२ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगल्या वाळ्याचा कूलर तेवढी मजल मारत नाही, पण खिडकीत बसवून मागून ताजी हवा मिळत असेल तर २६-२७ ची हवा देतो. म्हणजे लॅपटॉप पुन्हा ३५ च्या आत. फक्त तो कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. झोताबरोबर बारीक तुषार येतात, आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर त्यातले क्षारही. वाळ्याच्या चौकटीवर जो पांढरा थर धरतो, तो आत सर्किटवर धरायला नको.

यापुढचा शत्रू खास आपल्या शहराचा आहे. नव्या पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात एक लॅपटॉप उघडताना पाहिला. मालक यंत्रमागवाले, हिशेबाचं सगळं काम मागाच्या शेजारच्या खोलीत. खालचं झाकण निघालं तेव्हा मदरबोर्ड तसा स्वच्छ दिसत होता. पण पंखा सोडवून बाजूला घेतला, तर पंखा आणि पत्र्यांची जाळी यांच्यामधून करड्या रंगाची एक सलग पट्टी चिमट्याला लागून बाहेर आली. जाळीइतकीच लांब, घट्ट दाबलेली. दुकानातल्या पोराने ती उजेडात धरली. ‘काका, ह्याची वात वळून लावता येईल की हो देवापुढं.’ काका हसले, पण पट्टी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

साधी धूळ असती तर बरीचशी जाळीतून निघून गेली असती. मागावर उडणारे कापसाचे तंतू लांब असतात, ते पत्र्यांच्या कडांवर आडवे अडकतात, मग त्यांच्यावर धूळ बसते आणि फोडणीचा, उदबत्तीचा चिकट धूर तिला सांधून टाकतो. बाहेरच्या फटीतून पाहिलं तर काहीच दिसत नाही, कारण पट्टी जाळीच्या आतल्या अंगाला असते. पंखा जोरात ओरडतोय आणि बाजूच्या फटीतून मात्र हवा येत नाही, ही तिची खूण.

म्हणून सर्व्हिसिंग म्हणजे बाहेरून ब्लोअरचा फवारा नव्हे. बाहेरून फुंकलं तर ती पट्टी फक्त सुटून पंख्याच्या पात्यांत जाते. झाकण उघडायचं, पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग पंखा सोडवून जाळी साफ करायची. ब्लोअर मारताना पात्यांवर बोट ठेवायचं. मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरला तर त्याच्या बेअरिंगला ताण बसतो, शिवाय फिरणारी मोटार छोटा जनित्र होऊन उलटी वीज बोर्डाकडे ढकलू शकते. स्क्रूंच्या लांबीकडेही लक्ष हवं. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवणारा कारागीर दिसला तर तो शहाणा समजा, कारण आखूड जागेत लांब स्क्रू पिळला की तो थेट बोर्डात घुसतो. जानेवारीतली गड्डा यात्रा उठली की होळीपर्यंत हे काम उरकून घ्यावं, माग जवळ असेल तर पावसाळ्यानंतर आणखी एकदा. पेस्ट मात्र दरवर्षी बदलायची गरज नाही. ती सुकायला दोन-तीन वर्षं तरी जातात.

चादरीचं काय? सोलापुरी चादर जाड विणीची, तिच्या धाग्यांत हवा धरून ठेवणारी. म्हणून तर थंडीत उबदार. बहुतेक लॅपटॉप हवा तळातून ओढतात. पलंगावर चादरीवर ठेवलेल्या लॅपटॉपची वाट बंद होते आणि खाली पांघरूण अंथरल्यासारखं होतं, तंतू मिळतात ते वेगळेच. पोळपाट नाहीतर जाड पुठ्ठ्याची वहीसुद्धा चालेल, पण खाली कडक काहीतरी हवं.

बॅटरीला उष्णता प्रोसेसरपेक्षाही जास्त बाधते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या मागच्या संशोधनाला, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिच्यात एक उपजत दोष आहे. न वापरताही आतल्या आत रासायनिक क्रिया चालू राहतात, ऋण अग्रावरचा थर जाड होत जातो आणि त्यात लिथियम अडकून वाया जातं. तापमान वाढलं आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असली की हे वेगाने होतं. नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे असे: ४० टक्के भरून २५ अंशांत वर्षभर ठेवली तर क्षमता चारेक टक्क्यांनी घटते. शंभर टक्के भरून ४० अंशांत ठेवली तर सुमारे ३५ टक्क्यांनी.

दुसरा प्रकार म्हणजे टेबलावर कायम चार्जरला लावलेला, उन्हाळ्यातला आपला लॅपटॉप. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, नावं वेगवेगळी. नवा लॅपटॉप आणल्या दिवशी करायचं पहिलं काम हेच. ‘आधी आठ तास चार्ज करा’ हा सल्ला जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचा, तो विसरावा. आणि दुपारी कामासाठी सात रस्त्याला उतरताना लॅपटॉप उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. आतली हवा बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी सहज वर जाते.

पहिल्या दिवशीची बाकीची कामं फार नाहीत. अपडेट होऊ द्यावेत, मराठी कीबोर्ड चालू करावा, फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाहीत. नव्या विंडोज लॅपटॉपांत डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली मदरबोर्डवरच्या एका चिपशी बांधलेली असते. उद्या बोर्ड बदलावा लागला तर पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर उतरवून रेशनकार्डाबरोबर ठेवावी. किल्ली नसेल तर फोटो गेले, कारागिराच्या हातात काही नसतं.

धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं होतं, ही तक्रारही उन्हाळ्यात वाढते. चार्जरमध्ये विजेतला खरखराट दाबायला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी किंचित प्रवाह पुढच्या बाजूला झिरपतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर लॅपटॉपच्या अंगावर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह इतका क्षीण असतो की इजा होत नाही, पण बोटांना कळतं. तीन पिनी चार्जरला दोन पिनी जोड लावला की हेच होतं. वरची पिन लांब ठेवलेली असते ती अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं म्हणून. घराचा अर्थिंगचा खड्डाही तपासावा. त्यातला कोळसा आणि मीठ ओलाव्याशिवाय काम करत नाहीत, आणि मे महिन्यात माती खडखडीत वाळते. पिण्याचं पाणी त्यात ओतायला जीव धजावत नाही, पण भांडी विसळलेलं चालतं. मुंग्यांऐवजी चटका बसेल असा झटका लागला तर तो चार्जर बाद. लगेच बटण बंद करून काढावा.

चहा सांडला तर बटण दाबून बंद करावा, चार्जर काढावा, उलटा तंबूसारखा ठेवावा आणि दुकान गाठावं. चालू करून बघायचा मोह टाळावा, कारण क्षारयुक्त ओलाव्यात वीज खेळली की तांब्याच्या रेषा काही तासांत खाल्ल्या जातात. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही, आणि गच्चीवरच्या उन्हात वाळवणं तर नकोच.

टचपॅड वर उचललं गेलं, झाकण नीट मिटेना किंवा टेबलावर लॅपटॉप डुलायला लागला, तर बॅटरी फुगली आहे. आत वायू धरला आहे. तिला दाबून बसवू नये, टोचून हवा काढू नये. आतलं द्रावण ज्वलनशील असतं. चार्जर काढून, लॅपटॉप बंद करून, गादी-कपड्यांपासून लांब फरशीवर ठेवावा आणि बॅटरी कारागिराकडून काढून घ्यावी. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये, कचरा दाबला गेला की तिथेच पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा नवी बॅटरी घेताना कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जुनी परत घ्यायला सांगावं, आणि तोपर्यंत तिच्या टोकांवर इन्सुलेशन टेप चिकटवून ती कोरड्या जागी वेगळी ठेवावी.