भातातले जड धातू : जिन्झू नदीपासून इगतपुरीच्या खाचरांपर्यंत

जमिनीतला जड धातू भाताच्या दाण्यातून माणसाच्या हाडांपर्यंत पोचतो, हे जगाला शिकवलं जपानच्या तोयामा प्रांताने. कामिओका खाणीत जस्त आणि शिशाबरोबर निघणारं कॅडमियम जिन्झू नदीत उतरलं आणि पाटांच्या पाण्याबरोबर खाचरांत साचलं. वर्षानुवर्षं तोच भात खाल्लेल्या बायकांची हाडं नुसत्या खोकल्यानेही मोडू लागली. ‘इताई-इताई’ हा प्रदूषणातून जडलेला आजार आहे, हे सरकारने मान्य केलं १९६८ साली. १९७० मध्ये शेतजमिनीसाठी कायदा झाला आणि १९७९ पासून विषारी माती खाली गाडून वर चांगली माती पसरायचं काम सुरू झालं. सुमारे ८६० हेक्टरसाठी ते २०१२ पर्यंत चाललं. असा खर्च आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्या भातशेतकऱ्याला झेपेल?

म्हणून स्वस्त उपायांचा शोध महत्त्वाचा ठरला. खाचरात पाणी उभं असेल तर कॅडमियम गंधकाशी बांधलं जातं आणि मुळांना मिळत नाही. पाणी आटलं की ते सुटतं, आणि आम्ल जमिनीत जास्तच. त्यावर जपानमध्ये दोन गोष्टी रुळल्या : आम्लता उतरवायला चुना, आणि लोंबी निसवण्याच्या आधी व नंतर तीन-तीन आठवडे उभं पाणी.

बंगालने मात्र नेमकी उलटी बाजू दाखवली. १९८३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातून आर्सेनिकची बाधा झालेले रुग्ण सापडले. पुढे त्याच पाण्यावरच्या भातातही ते आढळलं. आर्सेनिक उभ्या पाण्यातच मोकळं होतं. म्हणजे एकासाठी केलेला इलाज दुसऱ्याला वाट करून देतो. आपल्या जमिनीत काय आहे हे न पाहता उपाय सुचवणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

२००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की भाताचं मूळ सिलिका ज्या वाटेने घेतं त्याच वाटेने आर्सेनिकही आत शिरतं. जमिनीत सिलिका भरपूर असेल तर आर्सेनिकला जागा कमी मिळते. इथे आपल्याकडची भातलागवडीची ‘चारसूत्री’ पद्धत आठवते. डॉ. नारायण सावंत यांच्या या पद्धतीत रोपवाटिकेत तुसाची काळी राख मिसळायला सांगितलं, ते रोपं सिलिकामुळे कणखर व्हावीत म्हणून. अर्थात रोपवाटिकेतली राख खाचरातलं आर्सेनिक थोपवणार नाही. त्यासाठी तूस खाचरातच परत जायला हवं. ताजा पेंढा मात्र जपून गाडावा, पाण्याखाली कुजताना तो आर्सेनिक आणखी मोकळं करू शकतो.

नाशिकची जमीन बसाल्टची (काळ्या कातळाची) आहे, आर्सेनिक ज्यातून पाण्यात उतरतं तसा बंगालसारखा गाळ इथे नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटमाथ्यावर मला जास्त लक्ष द्यावंसं वाटतं ते कॅडमियमकडे. तिथली तांबडी जमीन आम्लधर्मी, आणि भात पावसावरचा. चिखलणी, आवणी भर पावसात होते, पण दाणा भरायच्या वेळी पाऊस ओसरतो आणि खाचर सुकू लागतं. स्फुरदाच्या खतांतूनही थोडं कॅडमियम जमिनीत येतं. पाणी धरून ठेवणं इथे हातात नसतं, तेव्हा आधार उरतो चुन्याचा, आणि तोही सामू (जमिनीची आम्लता दाखवणारा आकडा) पाहूनच. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, नत्र, स्फुरद, पालाश धरून बारा घटक असतात. कॅडमियम आणि आर्सेनिक त्यांत नाहीत. कारखान्याच्या सांडपाण्याजवळ किंवा शहराच्या नाल्याखाली खाचर असेल, तर या दोन्हींची तपासणी वेगळी मागून घ्यावी लागते.