एमजीएच्या पोटात अँबेसेडर

माझ्या मित्राची १९५८ ची एमजीए, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ठाण्यात एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडं टाकून उभी आहे. इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या मुख्य ठोकळ्याला, तडा गेलाय. ओतीव लोखंडाचा ब्लॉक वेल्डिंग करून थोडे दिवस ढकलता येईल, पण त्यावर भरवसा ठेवणं कठीण. म्हणजे इंजिन बदलणं आलं. ही बातमी फुटल्यापासून गॅरेजमध्ये येणारा जाणारा प्रत्येक जण स्थळं सुचवतोय.

सगळ्यात जास्त मतं मारुती जिप्सीच्या इंजिनाला. एमजीएचं मूळ इंजिन १४८९ सीसीचं, ताकद सुमारे ७२ बीएचपी (अश्वशक्ती). जिप्सीचं १२९८ सीसीचं, पण ८० बीएचपी देणारं. शिवाय ॲल्युमिनियमचं, हलकं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. ते या गाडीत उपयोगाचं नाही. जिप्सीचं इंजिन मात्र उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेत बसतं, एमजीएसारखंच. कागदावर पत्रिका जुळते.

आता टॉर्क बघा. टॉर्क म्हणजे क्रँकला, इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, पीळ देणारा जोर. दोन्ही इंजिनांचा टॉर्क जवळपास सारखाच आहे, १०३-१०४ न्यूटन-मीटर. मग वरचे आठ घोडे आले कुठून? शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. एमजीए आपला सगळा जोर मिनिटाला साधारण ३५०० फेऱ्यांवर देते. जिप्सी ४५०० वर, आणि तिचे ८० घोडे पुरे होतात ते ६००० ला. संध्याकाळी घोडबंदर रोडला ट्रेलरच्या मागे दुसऱ्या गियरमध्ये सरकताना ६००० फेरे कोण करणार आहे? ते वाढीव घोडे तबेल्यातच राहणार.

एवढ्या फेऱ्यांनी इंजिन झिजेल अशी भीती मित्राला होती. तिथे मात्र तो चुकला. एमजीएच्या सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८८.९, जिप्सीत ७४ आणि ७५.५. एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली जातो. हिशेब केला तर ५५०० फेऱ्यांवर एमजीएचा पिस्टन सेकंदाला सरासरी १६.३ मीटर धावतो आणि ६००० फेऱ्यांवर जिप्सीचा १५.१. फेरे जास्त, पण पिस्टनची पळापळ कमी. शिवाय एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, त्यामुळे श्वास मोकळा. म्हणूनच लहान असूनही ते टॉर्कमध्ये मागे पडत नाही. इंजिन म्हणून जिप्सीचंच सरस आहे, यात मला शंका नाही.

अडचण इंजिनाच्या बाहेर आहे. एमजीएच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गियरांचा रेशो ४.३, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.३ फेरे. तो मूळ इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांचा विचार करून ठरवलेला. जिप्सीचं इंजिन घातलं तर पिकअपसाठी रेशो वाढवावा लागेल. मग इंजिन आणि गियरबॉक्स जोडणारं बेल हाउसिंग जुळवा, माउंटिंग नवीन करा. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा खोल भाग चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर (क्रॉस मेंबर) आपटला तर चेंबर कापून पुन्हा बनवा. फ्युएल इंजेक्शनला साधारण तीन बार दाबाचा पंप लागतो, म्हणजे जुनी टाकी आणि नळ्याही आल्या. घरात नवा फ्रिज आणावा आणि तो दारातून आत जात नाही म्हणून चौकट फोडावी, तसं हे.

इंजेक्शनच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. हल्ली पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. इंजेक्शनचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटर आंधळा, तो जुन्याच मापाने ओततो, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. पण एमजीएच्या एसयू कार्बोरेटरमध्ये निमुळती सुई असते. ती थोडी बारीक बसवली की इंधन जास्त जातं. रबरी नळ्या मात्र इथेनॉलला टिकणाऱ्याच हव्यात.

शेवटी जे स्थळ पुढे आलं ते नात्यातलंच निघालं. अँबेसेडरचं जुनं पेट्रोल इंजिन! तेही १४८९ सीसी, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या त्याच बी-सीरिजचं. व्यास आणि धाव तंतोतंत तीच. अँबेसेडरला एक कार्बोरेटर आणि सौम्य स्वभाव, एमजीएला दोन कार्बोरेटर, इतकाच काय तो संस्कारांचा फरक. ब्लॉक अँबेसेडरचा घ्यायचा, हेड (ब्लॉकवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण) आणि कार्बोरेटर एमजीएचेच ठेवायचे. पुढचं वजन बदलत नाही, त्यामुळे स्प्रिंगला हात लावायला नको. कागदपत्रांचाही विचार होता. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. जिप्सीचं इंजिन घालून तो दावा टिकवणं अवघड. अर्थात ब्लॉक बदलला की इंजिन नंबरही बदलतो, तेव्हा आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद यातून सुटका नाहीच.

हेडचं एक काम मात्र टाळून चालणार नाही. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटवर पातळ थर धरायचं आणि झीज थांबवायचं. २००० सालापासून देशभर बिनशिशाचंच पेट्रोल आहे, त्यामुळे नुसत्या ओतीव लोखंडाची सीट हळूहळू खचते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटावा म्हणून टॅपेटला ठेवलेली फट नाहीशी होते आणि व्हॉल्व्ह जळतो. कडक धातूच्या रिंगा ठोकून घेतल्या की प्रश्न मिटतो.

हेड त्यासाठी वागळे इस्टेटमधल्या एका मशीन शॉपमध्ये गेलंय. अँबेसेडरचा ब्लॉक बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कोरून घ्यायला, तिथेच. जिप्सीवाले अजून रोज येऊन चहा पितात आणि मान हलवतात.